अनोळखी माणसाकडून रेअर झाड घेताय? आधी हे पाहून घ्या (नागपूरच्या नवीन झाडवाल्यांसाठी)

मागच्या महिन्यात एका कॉलेजच्या मुलीचा मेसेज आला, ताई माझ्या मॉन्स्टेरा अल्बोच्या कटिंगला मुळंच येऊन नाही राहिली, दीड महिना झाला, पाणी रोज बदलते. मी फोटो मागितला. ग्लासात एक सुंदर अर्धं पांढरं अर्धं हिरवं पान आणि त्याचा लांब देठ, बस. नोड नव्हता, म्हणजे खोडावरची ती गाठ जिथून मूळ आणि नवीन फुटवा येतो. म्हणजे ते पान अजून दोन महिने तसंच छान दिसलं असतं आणि मग पिवळं पडून संपलं असतं, त्यातून झाड कधीच आलं नसतं. तिनं स्वतःच्या ट्यूशनचे पैसे साठवून ते घेतलं होतं आणि देणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. मला तेव्हापासून चैन नाही, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे. मी स्वतः पाच वर्षांपासून झाडं घेते-देते, अदलाबदल करते, फसली पण आहे, आणि त्यातून जे शिकले ते क्रमाने सांगते.

काटोलला माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे. ते कलमं आणायला जातात तेव्हा पानांकडे पाहतच नाहीत, आधी मूळ पाहतात, मग जंबेरीच्या खुंटावर डोळा कुठं बांधलाय तो सांधा पाहतात, आणि सगळ्यात शेवटी पानं. इनडोअर झाडांत आपण बरोबर उलटं करतो, पानाच्या फोटोवर भाळतो. पैसे मात्र नोडचे आणि मुळांचे द्यायचे असतात, पान तर आज आहे उद्या गळेल.

लागणारं सामान

फार काही नाही. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग (घड्याळवाले वापरतात तसलं), एक पांढरा कोरा कागद, मोबाईलचा टॉर्च, अल्कोहोलचे स्वॅब (मेडिकलमध्ये मिळतात), दोन-चार झिप पाऊच, मार्कर, आणि जुने पेपर. झाडाचा चीक हाताला लागू देऊ नका, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, अलोकेशिया सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, खाज सुटते, आणि घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर झाड उंचावर ठेवा.

१. आधी खरं झाड आणि त्याचा डुप्लिकेट, दोन्ही ओळखा

ज्या झाडाच्या मागे तुम्ही आहात त्याचं पूर्ण नाव शोधा आणि लगेच हे पण शोधा की त्याच्या नावावर काय खपवतात. नेहमीचे घोळ हे आहेत:

पिंक प्रिन्सेस आणि पिंक काँगो, दोन्ही फिलोडेंड्रॉनच. हा घोळ मला स्वतःला पडलाय म्हणून पहिला सांगते. पिंक प्रिन्सेसचं पान गडद, जवळजवळ काळपट हिरवं असतं आणि त्यावर गुलाबी शिंतोडे नाहीतर अर्धा भाग गुलाबी, प्रत्येक पान वेगळं. पिंक काँगोची नवीन पानं अख्खीच्या अख्खी गुलाबी असतात, कुठं डाग नाही काही नाही. तो रंग झाडाचा नसतो, केमिकलची ट्रीटमेंट देऊन आणलेला असतो आणि सहा महिने ते वर्षभरात सगळं झाड हिरवं होतं. मी पिंक प्रिन्सेस म्हणून जे घेतलं होतं ते पहिल्या पावसाळ्यातच हिरवं व्हायला लागलं. आज ते मोठं झालंय, बाल्कनीत आहे, तब्येत चांगली आहे, पण मी ज्याचे पैसे दिले ते झाड ते नाही.

ऑब्लिक्वा आणि अॅडानसोनी. मॉन्स्टेरा ऑब्लिक्वाच्या नावावर विकतात त्यातलं जवळपास सगळं अॅडानसोनी असतं, जे आपल्याकडे नर्सरीत स्विस चीज म्हणून सहज मिळतं. खऱ्या ऑब्लिक्वाचं पान कागदासारखं पातळ असतं आणि त्याचा जो पेरू देशातला प्रकार प्रसिद्ध आहे त्यात तर पानापेक्षा भोकंच जास्त. पान जाडसर लागलं हाताला तर अॅडानसोनी समजा आणि तोच भाव द्या.

अल्बो आणि थाई कॉन्स्टेलेशन. अल्बोत पांढरा रंग शुभ्र आणि मोठ्या पट्ट्यांत येतो, थाईत सायीसारखा पिवळसर आणि पानभर बारीक शिंपडल्यासारखा. थाई लॅबमध्ये टिश्यू कल्चरने भरपूर बनतं आणि त्याचा रंग स्थिर राहतो. दोन्ही झाडं चांगलीच आहेत, फक्त एकाच्या नावावर दुसरं नको.

अँथुरियममध्ये मॅग्निफिकम आणि क्रिस्टलिनम, पानं जवळपास सारखीच दिसतात, म्हणून देठ बोटांत फिरवून पाहा. गोल लागला तर क्रिस्टलिनम, कडा म्हणजे कंगोरे लागले तर मॅग्निफिकम. संकरित पण भरपूर फिरतात, त्यामुळे देणारा प्रामाणिकपणे "हायब्रिड आहे" म्हणत असेल तर मला तो माणूस आवडतो.

होया केरीचं एकच हार्टच्या आकाराचं पान कुंडीत खोचून देतात. त्याला नोड नसेल तर ते वर्षानुवर्षं एकच पान राहतं. सक्युलंटवर स्प्रे पेंट मारलेला असतो (नखाने हळूच खरवडा), कॅक्टसवर सुकलेलं फूल ग्लूने चिकटवलेलं असतं. आणि निळ्या किंवा इंद्रधनुषी मॉन्स्टेराच्या बिया? तसं झाडच नाही. व्हेरिगेटेड (पानावर दोन रंग असलेल्या) मॉन्स्टेराच्या बियांच्या पाकिटात पण पैसे घालू नका.

२. फोटोवर नाही, आजच्या व्हिडिओवर बोला

पहिला मेसेज करतानाच मागा, लाजू नका. मी हे मागते: आजची तारीख आणि माझं नाव लिहिलेली चिठ्ठी झाडाजवळ ठेवून फोटो, दिवसाच्या उजेडात अख्ख्या झाडाचा व्हिडिओ, पानांची मागची बाजू, खोडाचा जवळून फोटो, आणि शक्य असेल तर मुळं किंवा कुंडीच्या खालची भोकं. ज्याच्याकडे खरंच झाड आहे त्याला हे करायला पाच मिनिटं लागतात. "आत्ता गावाला आहे", "मदर प्लांट आहे म्हणून हलवत नाही", "आधी टोकन पाठवा मग व्हिडिओ देतो" हे ऐकलं की मी तिथंच थांबते.

मिळालेला फोटो गूगल लेन्समध्ये टाकून पाहा, खूपदा तोच फोटो दुसऱ्या देशातल्या कुणाच्या घरातला निघतो. आणि ट्यूबलाईटखाली काढलेल्या फोटोवर रंग ठरवू नका, पिवळसर पान पण पांढरं दिसतं.

३. नोड पाहायला शिका, हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी

ऊस लावताना कांडीला डोळा आहे की नाही ते पाहतात ना, तसंच हे. खोडावर जिथून पानाचा देठ निघतो तिथं एक रिंग किंवा जाडसर गाठ असते, तिथंच बाजूला छोटा फुगीर डोळा असतो आणि बहुतेक वेळा तिथूनच तपकिरी हवाई मूळ बाहेर आलेलं असतं. हा नोड. कटिंगमध्ये खोडाचा हा तुकडा असलाच पाहिजे. नुसता देठ असेल तर तो कितीही लांब असो, कितीही सुंदर पान असो, पैसे चुलीत घातल्यासारखं आहे.

आता व्हेरिगेटेडमध्ये अजून एक गोष्ट. अल्बो आणि पिंक प्रिन्सेस ही झाडं दोन प्रकारच्या पेशी एकाच अंगात घेऊन वाढतात, त्यामुळे पुढचं पान कसं येईल ते शेवटच्या पानावरून नाही, खोडावरून समजतं. डोळ्याजवळच्या खोडावर पांढऱ्या-हिरव्या (नाहीतर गुलाबी) रेघा मिसळून असतील तर आशा आहे. खोड पूर्ण हिरवं असेल तर पुढची पानं हिरवी येण्याची शक्यता जास्त, पान कितीही रंगीत असलं तरी. आणि पूर्ण पांढरं असेल तर त्यात हरितद्रव्यच नाही, ते स्वतःचं अन्न बनवू शकत नाही, मूळ धरायच्या आधी सुकतं. नवीन लोक सगळ्यात पांढऱ्या पानाला सगळ्यात जास्त पैसे देतात ते पाहून जीव तुटतो.

बिनपानाचं नोडवालं खोड पण विकतात, त्याला वेट स्टिक म्हणतात. ते खोटं नाही, त्यातून झाड येतं, पण मॉसमध्ये (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) दमटपणा सांभाळत महिना-दोन महिने बसावं लागतं, पहिल्या वेळेला घेऊ नका. मुळं धरलेलं आणि कापल्यापासून एक नवीन पान काढलेलं कटिंग थोडं महाग पडलं तरी तेच घ्या.

४. रंग खरा की रोग?

मोझॅक व्हायरस लागलेलं झाड "नवीन व्हेरिगेशन" म्हणून देतात, कधी देणाऱ्यालाच माहीत नसतं. खऱ्या व्हेरिगेशनमध्ये पांढऱ्या-हिरव्याची सीमा बऱ्याचदा स्वच्छ असते आणि पान सपाट, निरोगी वाढलेलं असतं. व्हायरसमध्ये फिकट डाग अस्पष्ट, शिरांच्या आजूबाजूने ओघळल्यासारखे, कधी गोल रिंगा, आणि पान आकसलेलं, सुरकुतलेलं, नवीन पान जुन्यापेक्षा लहान. यावर औषध नाही. एकाच कात्रीने दोन झाडं कापली तर पसरतो, म्हणून कात्री प्रत्येक झाडाआधी नीट निर्जंतुक करा, नुसत्या अल्कोहोलने सगळे व्हायरस जात नाहीत.

५. सौदा ठरवताना

पैशाच्या बाबतीत तीनच गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पैसे मिळवायला यूपीआय पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, कुणी म्हणालं "हा कोड स्कॅन करा म्हणजे तुमच्या झाडाचे पैसे येतील" तर तो चोर आहे. पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नाही, बँकेच्या अॅपमध्ये पैसे आलेले पाहा मगच झाड हातातून सोडा. आणि टोकन देऊ नका, एकाच झाडावर पाच जणांकडून टोकन घेऊन गायब होणारे आहेत.

झाडाच्या बदल्यात झाड असेल तर समोरासमोर भेटूनच करा. नागपूरमध्येच माणूस असेल तर कुरियर कायले? मी बर्डीचं इंटरचेंज मेट्रो स्टेशन ठरवते, खापरीकडून येणारा ऑरेंज लाईनने येतो, लोकमान्य नगरकडचा ॲक्वा लाईनने, उजेड असतो, गर्दी असते, कॅमेरे असतात. अनोळखी माणसाच्या घरी एकटं जाऊ नका आणि आपल्या घरी पण लगेच बोलावू नका. वेळ सकाळी दहा-अकराची घ्या, संध्याकाळी किडे दिसत नाहीत.

बाहेरगावाहून मागवायचं असेल तर मोसम पाहा. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत अजिबात नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, नवतपात तर विचारूच नका, आणि बंद खोक्यात गोडाऊनला एक दुपार पडलं की पान उकडून निघतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री १० अंशाखाली जातात कधीकधी, तेव्हा अँथुरियमसारखी नाजूक झाडं टाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी मला सगळ्यात बरे वाटतात. पार्सल सोमवारी पाठवायला सांगा म्हणजे रविवारी कुठं अडकून पडत नाही.

कुणी म्हणालं "थायलंडहून थेट आलंय", तर आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटची (झाडाला रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला) कॉपी मागा, प्लांट क्वारंटाईन ऑर्डर, २००३ नुसार बाहेरून झाडं आणायला ते लागतं. आणि जंगलातून आणलेलं ऑर्किड कुणी देत असेल तर घेऊच नका, ते घरात जगत पण नाही बहुतेक वेळा, आणि अभयारण्यातून झाड उपटणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे.

६. भेटल्यावर पाच मिनिटं, घाई न करता

समोरचा चांगला असेल तरी हे करा, चांगला माणूस वाईट वाटून घेत नाही.

पांढरा कागद पानाखाली धरा आणि पानाला बोटाने दोन-तीन टिचक्या मारा. मग कागद हलवू नका, दहा सेकंद नुसतं पाहा. धूळ जागेवर राहते. केसाच्या टोकाएवढी पिवळसर रेघ चालायला लागली तर ते थ्रिप्स. आपल्याकडे भिवापूरकडच्या मिरचीवाल्यांना हे फुलकिडे पाठ आहेत, पानं चुरडामुरडा होतात ते यांच्यामुळे पण. घरातल्या झाडावर यांची खूण म्हणजे पानावर चंदेरी ओरखडे आणि त्यात मोहरीपेक्षा पण बारीक काळे ठिपके. थ्रिप्स दिसले की मी झाड फुकट पण घेत नाही. यांची अंडी पानाच्या आत असतात, पुसून जात नाहीत, आणि मधली अवस्था मातीत काढतात.

हे एका अलोकेशियावरून शिकले मी. बदलीत आली होती, एका पानावर नखाएवढा चंदेरी डाग होता आणि देणारी बाई म्हणाली पाण्याचा डाग आहे, मी पण मान्य केलं आणि थेट खिडकीत बाकीच्यांसोबत ठेवली. तीन आठवड्यांनी खिडकीतल्या प्रत्येक झाडाचं नवीन पान वाकडं उघडून राहिलं होतं. त्यातली सहा झाडं मी वाचवू शकले नाही, एक होया आईने लावलेली होती.

पुढं, पानाची मागची बाजू ओल्या पांढऱ्या टिश्यूने पुसा. लालसर-तपकिरी रेघ उमटली किंवा बारीक जाळं दिसलं तर स्पायडर माईट, लाल कोळी. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते आठवड्याभरात पिढी काढतात. देठाच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर मिलीबग, पिठ्या ढेकूण, आणि तो मुळांवर पण असतो, कुंडीच्या आतल्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर तेच समजा. खोडावर तपकिरी फोड नखाने निघत असेल तर खवले कीड.

खोड मातीजवळ हलकं दाबा, टणक हवं. झाड खोडाशी धरून अगदी थोडं हलवा, आख्खं डोलत असेल तर मुळं नाहीत, काल खोचलंय. मातीचा वास घ्या, कुजलेल्या भाजीसारखा आला तर नको. पारदर्शक कपात असेल तर फारच छान, मुळं पांढरी किंवा क्रीम आणि कडक असली पाहिजेत. कुजलेलं मूळ चिमटीत धरलं की वरचं साल सुटून येतं आणि आत दोऱ्यासारखं राहतं.

७. पार्सल आलं तर

खोकं फोडायच्या आधी व्हिडिओ सुरू करा, पत्त्याचं लेबल दाखवा, मग एका दमात कट न करता झाड पूर्ण बाहेर येईपर्यंत शूट करा, नोड, मुळं, पानाची मागची बाजू सगळं. याच्याशिवाय कुणी पैसे परत देत नाही. खालचं एखादं पान पिवळं, थोडं मलूल, एखादी कड मोडलेली हे चालते, प्रवास आहे तो. खोड मऊ, काळं, पाणी सुटलेलं हे नाही चालत, त्याच दिवशी कळवा.

८. चार आठवडे वेगळी खोली

कुणीही दिलेलं असू द्या, अगदी बहिणीने दिलेलं, नवीन झाड महिनाभर दुसऱ्या खोलीत. बाथरूमची उजेडाची खिडकी चालते. एक चूक आपल्या नागपुरात खास होते ती म्हणजे कूलर, नवीन झाड कूलरच्या आणि जुन्या झाडांच्या मधात ठेवतात, हवेसोबत माईट सरळ पलीकडे जातात. वेगळी खोली म्हणजे वेगळी हवा.

पहिल्या दिवशी पानं दोन्ही बाजूंनी नळाखाली धुवा. मिलीबग दिसला तर अल्कोहोलच्या स्वॅबने एकेक टिपा. मग लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली नीम तेल आणि थोडं लिक्विड सोप, नीट घुसळून संध्याकाळी फवारा, उन्हात नाही. दर सात दिवसांनी एकदा, चार वेळा, किडा दिसो न दिसो, कारण अंड्यातून नंतर निघणारे पहिल्या फवाऱ्यात मरत नाहीत. मखमली पानांच्या अँथुरियमवर आधी एका कोपऱ्यात करून पाहा. मुळं कुजलेली निघाली तर तेवढा भाग स्वच्छ कात्रीने कापा, ताज्या कोरड्या मिश्रणात लावा आणि पाणी कमी. खत महिनाभर नको.

रोज भिंगाने पाहायची गरज नाही, दर तीन-चार दिवसांनी नवीन पान पाहा, किडे सगळ्यात आधी तिथं जातात.

९. फसलातच तर

आधी शांतपणे व्हिडिओ पाठवून सरळ विचारा, काही लोकांना खरंच माहीत नसतं आणि ते झाड बदलून देतात. पैसे घेऊन गायब झाला असेल तर वाट न पाहता १९३० ला फोन करा, सायबर क्राईमची हेल्पलाईन आहे, जितका लवकर तितका पैसा थांबायची शक्यता. जवळ ठेवा: व्यवहाराचा यूटीआर नंबर, पेमेंटचा स्क्रीनशॉट, पूर्ण चॅट, समोरच्याचा नंबर आणि यूपीआय आयडी, जाहिरातीचा फोटो. चॅट डिलीट करू नका रागाच्या भरात. रक्कम छोटी आहे म्हणून सोडू पण नका, तोच माणूस पुढच्या पोरीला तेच पान पाठवतो.

रोगट झाड कंपोस्टमध्ये नाही टाकायचं, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात.

१०. तुम्ही देताना

अदलाबदल आहे म्हणजे तुम्ही पण कुणासाठी अनोळखीच आहात. कधी कीड येऊन गेली असेल तर सांगा, नावाची खात्री नसेल तर "मला या नावाने मिळालं" असं सांगा, आणि कुंडीवर चिठ्ठी चिकटवा: नाव, कटिंग कोणत्या तारखेला काढलं, कशात लावलंय, कोणत्या दिशेच्या खिडकीत होतं, शेवटचं पाणी कधी दिलं. त्या कॉलेजच्या मुलीला मी माझ्या अल्बोचं दोन नोडचं कटिंग देणार आहे, सध्या मॉसमध्ये आहे, दोन मुळं बोटभर झालीत, तिसरं निघून राहिलं. नवीन पान उघडलं की चिठ्ठी लावून बर्डीला नेऊन देईन.